बाबांच्या बीपीच्या गोळीबद्दल

प्रिय आई, बाबा,

सा. न.

आई म्हणाली, मशीनवर १२८ आलं म्हणून बाबांनी गोळी बंद केली. फोनवर विषय काढला की बाबा "अगं, वयाप्रमाणे वाढतंच बीपी" म्हणून फोन आईकडे देतात. म्हणून लिहितेय.

बाबा, एके काळी मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. हाताशी धड औषधं नव्हती आणि वयाबरोबर दाब वाढणं साहजिकच, असं बरेच डॉक्टर मानायचे. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३, म्हणजे तुमच्याहून लहानच. पुढे १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे आधी येतात आणि हार्ट अटॅक मागून, हे त्यातून लख्ख दिसलं. आणि मधल्या काळात अनेकांना कसलाच त्रास होत नसतो. "मला तर काहीच होत नाही" याचा म्हणून मला धीर वाटत नाही, उलट काळजीच वाटते.

१२८ आलं ते गोळी चालू होती म्हणून. बंद केल्यावर काही दिवस बरं वाटेल, पण बीपी हळूहळू पुन्हा चढतं. २०१५ मध्ये स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास आला. पन्नाशीपुढच्या, जास्त धोका असलेल्या लोकांचं वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलं, तर हार्ट फेल आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. काहींना चक्करही आली, म्हणून कुठवर उतरवायचं ते डॉक्टरच ठरवतील. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो. तेव्हा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर डॉक्टरांना लगेच सांगा, डोस कमी करतील ते. परस्पर बंद मात्र करू नका.

आणि मोजायचं कसं तेही सांगते. फुटाळा तलावावरून फिरून आल्या आल्या, चहा पिता पिता, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेला आकडा खरा नसतो. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवून, पाय जमिनीवर. उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराने पुन्हा एकदा मोजा आणि दोन्ही आकडे डायरीत लिहा. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांकडे जायचं.

खर्ऱ्याचं मी वेगळं सांगायला नको. सुपारी-तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. तो सुटला तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

आई, सैंधव मीठ बीपीला चालतं म्हणतेस, पण बीपी वाढवणारं सोडियम त्यातही असतंच गं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, चिवडा सगळं आलं. जेवायला बसताना मिठाची वाटी ताटाजवळ ठेवू नकोस, एवढं कर. तर्री-पोहे रविवारी खा खुशाल.

दुसरं, तू "गॅस झालाय" म्हणून ओवा खाऊन पडून राहतेस ना, ते मला मुळीच आवडत नाही. बायकांमध्ये हार्ट अटॅक कधी कधी धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असाही येतो. असं काही नवीन वाटलं, घाम फुटला, तर १०८ लावायचा. मला फोन नंतर.

बाबा, गोळी अशीच बंद ठेवू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून कशी सुरू करायची ते विचारा. ते जे सांगतील ते आणि गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो मला पाठवा, शिल्लक किती आहेत ते बघून पुढच्या मी मागवते.

तुमची,
लेक