रिटर्न वेगळा भरला म्हणून मुलगा वेगळा होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इंदूरच्या रामबागेत बरीच वर्षं मी लोकांचे आयकर रिटर्न भरून देते. प्रवेशांचा हंगाम आला की बारावी झालेल्या मुलाला घेऊन वडील येतात. मागणी ठरलेली : ‘मॅडम, याचं पॅन काढलंय. याचा रिटर्न वेगळा भरा, म्हणजे स्कॉलरशिपला माझा पगार दाखवायला नको.’ हा सल्ला कोण देतं देव जाणे, पण गावभर फिरतोय खरा.

आयकराच्या हिशेबात मुलगा १८ व्या वर्षी वेगळा होतो. तोवर त्याच्या एफडीचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे धरतात, पुढे ते त्याचं स्वतःचं. (वाढदिवस होताच एफडी मुलाच्या नावावर वळवणारे वडीलही हेच बरं का!) शिष्यवृत्ती मात्र अख्ख्या घराचं उत्पन्न विचारते. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची मर्यादा साडेचार लाख, तीही कुटुंबाची. आर्थिक दुर्बलांच्या (ईडब्ल्यूएस) आरक्षणाच्या आठ लाखांच्या मर्यादेतही आईवडील येतातच, अर्जदार २५ वर्षांचा असला तरी. समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंबनोंदणीचा क्रमांक) वेगळी काढून बाप बदलत नाही.

न्यू जर्सीतल्या भाच्यानंही हेच विचारलं होतं. लेकीला आपल्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलं नाही, तर कॉलेजच्या मदतीसाठी ती स्वतंत्र ठरेल का? तिथेही नाही. करासाठी २४ वर्षांखालचं, पूर्णवेळ शिकणारं मूल अवलंबित दाखवता येतं; मदतीच्या ‘फाफ्सा’ फॉर्मचे प्रश्न निराळे. वय २४ झालं का, लग्न झालंय का, पदव्युत्तर शिकताय का, सैन्यात होता का, १३ वर्षांचे झाल्यावर कधी अनाथ होता का, असे. आईवडील फी द्यायला तयार नाहीत, एवढ्यानं भागत नाही. पण आईबापांनी खरोखर टाकलेल्या मुलाचे कागद तपासून त्याला स्वतंत्र धरण्याचा अधिकार कॉलेजच्या मदत कचेरीला असतो.

तो अधिकार आपल्याकडे कुणाला तरी हवा. सुदामानगरची एक मुलगी माझ्याकडे आली होती. आई नाही, वडिलांनी दुसरा संसार थाटलेला, ही आजीकडे वाढली. शिकवण्या घेऊन फी भरते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वडिलांच्या आय प्रमाणपत्राच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याच्या, रकान्यापुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. वडील फोन उचलत नाहीत. खिडकीवरच्या बाबूंनी ‘पिताजी को साथ ले आओ’ म्हणत फाइल परत सरकवली. आजी बाहेर बाकावर बसून होत्या, त्यांना कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

पगार लपवणारा बाप आणि ही मुलगी, दोघांना एकाच रकान्यात कसं कोंबता? आजीचं शपथपत्र, शाळेचे कागद आणि शेजाऱ्यांचे जबाब बघून अशा अर्जांचा निकाल देणारा एक अधिकारी जिल्ह्यात नेमावा, आणि निकाल अर्जाची मुदत संपायच्या आत द्यावा.

— एक कर सल्लागार, रामबाग, इंदूर