परिचारिकांचाही इतिहास लिहा

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. पुढे तिथेच परिचारिकाही घडू लागल्या. जुन्या काळच्या अशा शाळांत शिकाऊ मुली वसतिगृहात राहत, वॉर्डातच शिकत आणि रात्रपाळ्याही करत. रुग्णालय बरेचसे त्यांच्याच जिवावर चाले. पण कोणत्याही खासगी रुग्णालयाची स्मरणिका उघडा: संस्थापक डॉक्टर, देणगीदार, नव्या मशिनचा रंगीत फोटो. मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका? असल्याच तर समूहछायाचित्रात, तेही नावाविना! महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. नर्सिंग शाळांची जुनी हजेरीपत्रके, ड्युटी रजिस्टरे, फोटो रद्दीत जाण्याआधी त्याने गोळा करावेत. सुरुवात निवृत्त सिस्टरांच्या मुलाखतींपासून व्हावी.

– एक निवृत्त परिचारिका, नाशिकरोड