रविवारची मीटिंग, विषय: एक गेलं तर दुसरं आहे का?

मंडळी, रविवारी सकाळी 8 ला नेहमीच्या गच्चीवर, पोहे-जिलेबी छप्पन दुकानहून येतील, लेट आलात तर शेव उरणार नाही. विषय लहान विमानातले बॅकअप. सेसना 172 च्या इंजिनात दोन मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं यंत्र), प्रत्येक सिलेंडरला दोन स्पार्क प्लग, बॅटरी मेली तरी इंजिन चालूच. पण 172एन मॉडेलच्या लायकमिंग ओ-320-एच2एडी इंजिनात दोन्ही मॅग्नेटो एकाच डब्यात अन् एकाच शाफ्टवर, शाफ्ट तुटला की दोन्ही गेले, याला मी तरी बॅकअप म्हणत नाही. जुन्या विमानांत होरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) चालवणारा व्हॅक्यूम पंपही बहुतेक एकच, तो बंद पडला की होरायझन हळूहळू कलतो आणि ढगात असाल तर लवकर लक्षातही येत नाही. कुणाकडे जुना मॅग्नेटो असेल तर आणा, उघडून बघू. आणि हो, मागच्या वेळी प्रोजेक्टर एकच होता नि त्याचा बल्ब उडाला, तर यंदा कुणीतरी दुसरा आणा प्लीज.