वॉलहल्लासाठी एक रविवार द्या

लाट्रोब व्हॅलीतल्या सर्व मराठी कुटुंबांना, आणि ज्यांना जमेल त्या मेलबर्नकरांनाही, कळकळीची विनंती.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना हमखास वॉलहल्लाला, म्हणजे व्हिक्टोरियातल्या डोंगरांतल्या सोन्याच्या खाणीच्या जुन्या गावाला, नेतो. खाण बघायची, छोट्या आगगाडीत बसायचं, फोटो काढून परतायचं. त्या गावात कायम राहणारी माणसं जेमतेम वीस आहेत. आपल्याला जे नीटनेटकं दिसतं, त्यातलं बरंचसं स्वयंसेवकांनी राखलेलं आहे, आणि त्यांना हात कमी पडतात.

1862च्या अखेरीस एडवर्ड स्ट्रिंगर आणि त्याच्या साथीदारांना इथल्या ओढ्यात सोनं सापडलं. स्ट्रिंगर पुढच्याच वर्षी वारला, पण दरीत हजारोंची वस्ती झाली. सपाट जागा नव्हतीच, तेव्हा या लोकांनी क्रिकेटसाठी डोंगराचा माथा तासून मैदान केलं! रेल्वे यायला 1910 उजाडलं आणि चारच वर्षांत लाँग टनेल ही मोठी खाण बंद पडली. गाव रिकामं झालं. वीजपुरवठा पोहोचला तो थेट 1998 साली. मधल्या काळात उखडलेला लोहमार्गही थॉमसन स्थानकापासून गावापर्यंत स्वयंसेवकांनीच पुन्हा घातला, दरीतल्या पुलांसकट.

आमचा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो दफनभूमीत. चढ इतका उभा की चालताना कठड्याला धरावं लागतं. हजाराहून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. खाणकामगार आहेत, तान्ही मुलं आहेत. कित्येकांच्या डोक्याशी साधा दगडही नाही. ब्लॅकबेरीची काटेरी जाळी वाढली की आहेत ते दगडही दिसेनासे होतात. दूरदेशी पोटासाठी आलेली माणसं होती ती. आपणही तसेच आलो आहोत.

म्हणून येत्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी श्रमदान करायचं ठरवलं आहे. दफनभूमीची देखभाल करणारे सांगतील तेवढंच तोडायचं, दगडांना हात लावायचा नाही. जाड हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट हवेतच, कारण साप असतात. लहान मुलांना चढावर नेऊ नका. त्यांच्यासाठी खाली ओढ्याकाठी कोणीतरी थांबेल. पोळी-भाजीचे डबे आपापले आणावेत.

ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी अवजारं आणि पेट्रोलसाठी यथाशक्ती मदत करावी. उरलेली रक्कम रेल्वेच्या स्वयंसेवकांकडे देऊ आणि पै-पैचा हिशोब सर्वांना कळवू. नावं आठवडाभर आधी द्या, म्हणजे गाड्यांची सोय लावता येईल.