रुग्णालयाची मालिका परिचारिकेपासून सुरू व्हावी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या जी चर्चा सुरू आहे, तिच्यात मालिका लांबली की तिच्यात पाणी पडणारच, असे बहुतेकांनी धरून चाललेले दिसते. कथानक एकाच घराचे असेल तर ते खरेही आहे, कारण एका कुटुंबात घडून घडून किती घडणार? पण मालिकेचे दीर्घकाळ चालणे आणि तिचे भरकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीची ‘कॅज्युअल्टी’ ही मालिका. मुलगी नोकरीनिमित्त वेल्समध्ये असल्यामुळे तिच्याकडच्या मुक्कामांत मी ही मालिका नेमाने पाहिली. माझी सारी नोकरी सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाल्यामुळे ती पाहताना माझे लक्ष कथेइतकेच पात्रांच्या हातांकडे असे. त्यावरून माझी मागणी एवढीच आहे की, मराठीत रुग्णालयाची एक दीर्घ मालिका व्हावी, ती परिचारिकेला केंद्रस्थानी ठेवून लिहिली जावी आणि रोजचा रतीब न घालता आठवड्यातून एकदाच दाखवली जावी.

‘कॅज्युअल्टी’चा पहिला भाग ६ सप्टेंबर १९८६ रोजी, शनिवारी संध्याकाळी प्रसारित झाला. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन लेखकांनी ती रचली. होल्बी नावाच्या काल्पनिक शहरातील रुग्णालयाचा अपघात विभाग हे तिचे स्थळ. पहिल्या वर्षी अवघे १५ भाग झाले आणि त्यांत रात्रपाळीवरच्या माणसांची कथा होती. सुरुवातीपासून तिचे चित्रीकरण ब्रिस्टल शहरात होत असे. २०११ मध्ये ते कार्डिफच्या गोदी परिसरातील रोथ लॉक स्टुडिओत हलले आणि आजही तिथेच चालते. सरकारी आरोग्यसेवेतील काटकसरीमुळे रुग्णांचे काय हाल होतात, हे तिने पहिल्यापासून स्पष्टपणे दाखवले आणि त्याबद्दल तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षातून नाराजीही ओढवून घेतली. प्रेक्षकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक वाहिनीने सरकारी रुग्णालयाचे उणे दाखवावे आणि तरीही ती मालिका पुढे चालू राहावी, हे मला फार मोलाचे वाटते.

या मालिकेचा कणा मात्र डॉक्टर नाही, चार्ली फेअरहेड हा परिचारक आहे. आपल्याकडे ज्यांना आपण ‘ब्रदर’ म्हणतो, त्यांच्यापैकी एक. ही व्यक्तिरेखा ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या खऱ्या रुग्णालयातील पीटर सॉल्ट या परिचारकावरून बेतली गेली आणि ते पुढे मालिकेचे वैद्यकीय सल्लागारही झाले. डेरेक थॉम्पसन या अभिनेत्याने हा चार्ली पहिल्या भागापासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षांहून अधिक काळ साकारला. एका नटाने तारुण्यात घातलेला गणवेश केस पिकेपर्यंत अंगावर ठेवावा आणि प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांनी त्याला वयाबरोबर थकताना, चुकताना आणि पुन्हा उभे राहताना पाहावे, अशी उदाहरणे दूरचित्रवाणीच्या इतिहासात थोडीच सापडतील. त्याच्या बरोबरीने पहिल्या भागात आलेली दुसरी परिचारिका म्हणजे डफी. कॅथी शिप्टन यांनी ही भूमिका अनेकदा सोडली आणि पुन्हा स्वीकारली. पुढे डफी सुईणीचे शिक्षण घेते, उतारवयात चार्लीशी संसार थाटते आणि शेवटी तिला स्मृतिभ्रंश होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची औषधे लक्षात ठेवणारी बाई स्वतःच्याच विभागात गोंधळून उभी राहते, हा प्रवास लेखकांनी घाई न करता दाखवला. २०२० मध्ये तिचा मृत्यू होतो. त्या भागांत रडारडीचे संगीत जवळपास नाहीच. सहकाऱ्यांचे चेहरे आणि कामाची लगबग एवढ्यावरच सारे पेलले आहे. तिसरी परिचारिका मेगन. ब्रेंडा फ्रिकर यांनी ती पहिल्या काही वर्षांत रंगवली आणि १९९० मध्ये एका चित्रपटातील सहायक भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. परिचारिकेची भूमिका दुय्यम मानून कुणाच्याही गळ्यात मारायची, असे तिथे झाले नाही, हे एवढ्यावरूनही कळते.

आता आपल्या पडद्यावरची परिचारिका आठवून पाहावी. ती ट्रे घेऊन येते, ‘डॉक्टर बोलावतायत’ म्हणते आणि जाते. कित्येकदा तिला एवढेही वाक्य नसते. रुग्णाला प्राणवायूचा मास्क लावलेला असतो, पण तो नाकाखाली आलेला असतो. सलाईनची बाटली टांगलेली असते, पण नळीत थेंब पडत नसतात. मॉनिटरवरची रेषा सपाट झाली की डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात आणि रुग्ण डोळे उघडतो. प्रत्यक्षात सपाट रेषेवर झटका देत नाहीत. तिथे छाती दाबत राहायची असते, इंजेक्शन द्यायचे असते आणि हात भरून आले की दुसऱ्याने जागा घ्यायची असते. निर्मात्यांना या गोष्टी बारीक वाटतील, पण प्रेक्षक हेच पाहून रुग्णालयात येतो आणि ‘झटका का देत नाही?’ म्हणून आमच्याशी भांडतो, हे मी कित्येक रात्री अनुभवले आहे.

अपघात विभागात खरे नाट्य कुठे असते, ते सांगते. महामार्गावरून बेशुद्ध अवस्थेत बाई आणली जाते. डॉक्टर तपासत असतानाच सिस्टर कात्रीने बाही कापते, एका हाताने शीर शोधते आणि मावशीला चादर धरायला सांगते. नातेवाईक अजून आलेले नसतात. अंगावरचे दागिने उतरवायचे असतात, बांगड्या सुजलेल्या हातातून साबण लावून काढायच्या असतात. मग ते सारे गॉजमध्ये बांधून नोंदवहीत लिहायचे : पिवळ्या धातूचे मंगळसूत्र एक, काळे मणी तुटलेले. खाली दोघांच्या सह्या. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावे लागणाऱ्या प्रकरणाची नोंद, पोलिसांना निरोप, रक्तपेढीला चिठ्ठी, आणि तेवढ्यात दारात नवरा येऊन उभा राहतो आणि कुणी काही सांगण्याआधी त्याची नजर त्या गॉजच्या पुरचुंडीवर जाते. या प्रसंगाला कोणत्याही खलनायिकेची गरज नाही. गरज आहे ती असे प्रसंग माहीत असलेल्या माणसाला लेखकांच्या खोलीत खुर्ची देण्याची.

‘कॅज्युअल्टी’च्या निर्मितीची पद्धत यासाठीच अभ्यासण्यासारखी आहे. कर्मचारी कायम आणि रुग्ण दर आठवड्याला नवे, ही तिची बांधणी. त्यामुळे मूळ कथा ताणावी लागत नाही आणि दर भागात पाहुण्या कलावंतांना पुरेशी मोठी भूमिका मिळते. केट विन्स्लेट आणि ऑर्लँडो ब्लूम हे नावारूपाला येण्यापूर्वी याच मालिकेत छोट्या भूमिकांत दिसले होते. सुनेत्रा सरकार या भारतीय वंशाच्या अभिनेत्रीने तिथे डॉक्टर झोई हॅना ही भूमिका कित्येक वर्षे केली. रुग्णालयाचा सेट कायमस्वरूपी उभा असतो, उपकरणे खऱ्यासारखी असतात आणि चित्रीकरणाला वैद्यकीय जाणकार मार्गदर्शन करतात. जुलै २०१७ मध्ये सुमारे ४८ मिनिटांचा एक संपूर्ण भाग एकाच सलग चित्रणात, मध्ये कुठेही न थांबता टिपला गेला आणि तो मालिकेचे एक जनक पॉल अनविन यांनीच लिहिला होता. ज्यांना ट्रॉली कुठून येते आणि सिस्टर कुठे वळते हे अंगवळणी पडलेले आहे, अशाच चमूला ते जमू शकते. या मालिकेतून जन्मलेल्या ‘होल्बी सिटी’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, त्या मालिकेच्या सेटवरचे चालू स्थितीतील व्हेंटिलेटर लंडनमध्ये उभारल्या जाणाऱ्या नाइटिंगेल रुग्णालयाला देण्यात आले.

हे सगळे खर्चिक आहे, हे मी जाणते. ‘होल्बी सिटी’ तेवीस वर्षे चालून मार्च २०२२ मध्ये बंद झाली. बर्मिंगहॅममध्ये तयार होणारी दुपारची ‘डॉक्टर्स’ ही मालिका निर्मितीचा खर्च परवडेना म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबली. बीबीसीला जे जड गेले ते आपल्या वाहिन्यांना कसे पेलणार, असे विचारले जाईल. माझ्या मते आपला खर्च पैशांपेक्षा वेळेत जास्त होतो. रोज एक भाग द्यायचा म्हटले की संहिता सकाळी हातात येते, दुपारी चित्रित होते आणि चूक सुधारायला कुणालाच उसंत राहत नाही. आठवड्याला एकच भाग करायचा ठरला, तर तीच माणसे तेच काम नीट करतील. दूरदर्शनच्या काळात आपण तेरा भागांच्या मालिका आठवडाभर वाट पाहून पाहिल्या आहेत, त्यामुळे प्रेक्षक थांबणार नाही ही भीती मला पटत नाही. हिंदीत ‘संजीवनी’सारख्या मालिका आल्या आणि लोकप्रियही झाल्या, पण त्यांचा जीव तरुण डॉक्टरांच्या प्रेमकथांत अडकलेला होता.

ठाण्यातून हे लिहिण्याला कारण आहे. घोडबंदर रस्त्याच्या आसपास कितीतरी मालिकांची चित्रीकरणे होतात. गडकरी रंगायतनमुळे इथे नाटकवेड्यांची पिढी घडली. दुसरे नाट्यगृह डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे आहे, आणि ते दंतवैद्य होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आहेत. वैद्यकीतून इतके मोठे नट ज्या रंगभूमीला मिळाले, त्या भाषेत रुग्णालयाचे आतून दर्शन घडवणारी एकही दीर्घ मालिका नसावी, याची मला मनापासून खंत वाटते. शिवाय ठाणे जिल्ह्याइतकी विषयांची श्रीमंती कुठे मिळणार? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून सर्पदंशाचे रुग्ण येतात, लोकलमधून पडलेली मुले येतात, भिवंडीच्या यंत्रमागांवर बोटे गमावलेले कामगार येतात, पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यू येतो, गोविंदांचे मोडलेले खांदे दहीहंडीच्या रात्री येतात. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात, त्यांच्यावरही आजवर कुणी गोष्ट लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एका कारणासाठी मला ही मालिका तातडीची वाटते. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तरीही हल्ले थांबलेले नाहीत. मोठ्याने ओरडणाऱ्या रुग्णापेक्षा कोपऱ्यात गप्प पडलेला रुग्ण आधी का घेतला, हे बाहेर ताटकळणाऱ्या माणसाला कुणी कधी समजावून सांगितलेलेच नसते. ‘कॅज्युअल्टी’मध्ये हा निवाडा भागागणिक होतो. येणाऱ्या प्रत्येकाला परिचारिका तपासते, कोण थांबू शकेल आणि कोण नाही हे ठरवते, आणि तिचा अंदाज चुकला तर त्याची किंमतही तिलाच मोजावी लागते. आठवड्यामागून आठवडे हे पाहणाऱ्या प्रेक्षकाला रांगेतली अदलाबदल अन्याय वाटणार नाही.

वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी या विषयाचा विचार करावा, आणि आपण आपल्या पुरवणीत त्यांच्यापैकी कुणाचे म्हणणे छापावे, अशी विनंती आहे. जाणकार मिळत नाहीत ही सबब मात्र कुणी पुढे करू नये. ठाणे, कळवा, उल्हासनगर, नवी मुंबई या पट्ट्यात निवृत्त अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका शेकड्यांनी राहतात. मी ज्यांच्याशी या विषयावर बोलले, त्या सगळ्याजणी संहिता वाचून द्यायला आणि नव्या मुलींना शीर कशी शोधायची हे सेटवर येऊन दाखवायला तयार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
चरई, ठाणे (पश्चिम)