अठरा सुवर्णपदके मोजायची कशी?

मा. संपादक, स. न.

टेबल टेनिसच्या विक्रमांचा विषय निघाला की व्हिक्टर बार्नाची 22 जागतिक सुवर्णपदके आधी सांगितली जातात आणि त्याच्याच देशाची, हंगेरीची मारिया मेद्न्यान्स्की 18 वर मागे पडते. ही तुलना फसवी आहे. बार्नाच्या 22 पैकी 7 पदके सांघिक आहेत. महिलांची सांघिक स्पर्धा, म्हणजे कॉर्बिलॉन चषक, मुळात सुरूच झाली ती डिसेंबर 1933 मध्ये पॅरिसला, आणि तो पहिला चषक जर्मनीने नेला. सांघिक पदके बाजूला काढली की बार्नाकडे 15 उरतात. मारियाची 18 च्या 18 राहतात.

त्या 18 ची फोड अशी: एकेरी 5, महिला दुहेरी 7, मिश्र दुहेरी 6. डिसेंबर 1926 च्या लंडनमधील पहिल्या जागतिक स्पर्धेत महिला दुहेरी नव्हतीच. महिलांना खुले असलेले एकेरी आणि मिश्र दुहेरी हे दोन्ही प्रकार तिने जिंकले, मिश्रमध्ये जोडीदार झोल्तान मेख्लोविट्स. महिला दुहेरी 1928 ला स्टॉकहोममध्ये आली. ती तिने तेव्हा ऑस्ट्रियाच्या फ्लामसोबत जिंकली, आणि 1930 पासून आन्ना शिपोशसोबत सलग सहा वेळा.

चुका होतात त्या वर्षांमुळे. तिची सलग पाच एकेरी विजेतेपदे 1926 ते 1931 अशी छापली जातात आणि मधले एक हुकले असावे असे वाटते. 1927 मध्ये जागतिक स्पर्धा झालीच नाही, एवढेच त्याचे कारण. उलट 1933 मध्ये दोन झाल्या: फेब्रुवारीत बाडेन, डिसेंबरात पॅरिस. काही याद्या पॅरिसची स्पर्धा 1934 ची धरतात, काही 1933 चीच. दुसऱ्या प्रकारच्या यादीत ‘1933’ दोनदा दिसले म्हणून एक नोंद गाळली, की 18 ची थेट 16 होतात, कारण दोन्ही ठिकाणी तिने दुहेरी आणि मिश्र जिंकले होते.

1932 आणि 1933 च्या एकेरी अंतिम सामन्यांत तिला हरवले ते शिपोशनेच, म्हणजे दुहेरीतल्या जोडीदारणीने. याला उतरती कळा म्हणणे मला पटत नाही. दुहेरीची विजेतेपदे तर 1935 पर्यंत चालूच होती.

आणखी एक. हे सारे पावणेसात इंच उंच जाळ्यावरचे आणि स्पंजाविना नुसत्या पिंपल (बारीक उंचवटे असलेल्या) रबराच्या रॅकेटवरचे. इतक्या उंच जाळ्यावर खाली राहिलेला चेंडू जोरात मारला तर जाळ्यात अडकतो, त्यामुळे कापून परतवणाऱ्याचे फावते आणि रॅली लांबत जाते. 1937 ची महिला एकेरीची अंतिम लढत वेळ संपल्याने थांबवून विजेतेपद रिक्त ठेवावे लागले, त्यानंतर जाळे 6 इंचांवर आले. 1950 ते 1955 सलग सहा एकेरी विजेतेपदे मिळवून मारियाला मागे टाकणारी रुमानियाची अँजेलिका रोझेआनु याच खालच्या जाळ्यावर खेळली.

— एक वाचक