छातीपट्ट्यांच्या डॉक्टरताईंस

आदरणीय डॉक्टरताई,
स. न. वि. वि.

आमच्या विशेष मुलांच्या कार्यशाळेतील फुटबॉल संघासाठी आपण तीन महिने दर रविवारी सकाळी साडेसहाला, सोलापूरचे ऊन चढण्यापूर्वी, मैदानावर आलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र.

संघातील डाऊन सिंड्रोम असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला मी आळशी समजत होतो, हे आधी कबूल करतो. हृदयाच्या कमाल गतीसाठी २२० मधून वय वजा करण्याचा पाठ केलेला हिशेब मी सर्वांनाच सरसकट लावत असे. त्यानुसार त्याची कमाल गती मिनिटाला २०० ठोके आणि दिसणारे ठोके १६०, म्हणजे अंगात अजून पुष्कळ बळ आहे, असे मानून मी त्याला ओरडून पळवत राहिलो. आपण वहीच्या मागच्या पानावर संशोधक फर्नहॉल यांचे २००१ चे सूत्र मांडलेत: २१० मधून वयाची ०.५६ पट आणि डाऊन सिंड्रोम असल्यास आणखी ३१ वजा, केवळ बौद्धिक अक्षमता असल्यास १५.५. उत्तर आले सुमारे १६८. हा अंदाजच असला, तरी श्रमाच्या वेळी हृदयाला वेग वाढवण्याचा मज्जासंस्थेचा इशाराच या मुलांत क्षीण असतो, हे आपण समजावलेत, तेव्हा मान वर करणे मला जड गेले.

त्याला विचारून तरी काय कळणार होते? “दमलास का?” म्हटले तरी “हो”, आणि “दमला नाहीस ना?” म्हटले तरी “हो”च. म्हणून तर हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा हवा होता. मनगटावरचे घड्याळ अचानक धावताना मागे पडते, म्हणून आपण छातीचे पट्टे आणलेत. पण ओल्या पट्ट्याला मुले बिचकली, तेव्हा आपण तो आधी स्वतः बांधून मैदानाला दोन फेऱ्या मारल्यात आणि आपले ठोके मुलांना मोठ्याने वाचायला लावलेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून इको तपासणीशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) त्या मुलांना मैदानात उतरवायचे नाही, हा आपला हट्ट मला तेव्हा जाचक वाटला होता. आता तो माझाही आहे.

सरावानंतर सेन्सर काढून चारही पट्टे धुणे आणि सावलीत वाळत घालणे हे काम त्याच मुलाने अंगावर घेतले आहे, आणि तो इतर कोणाला त्यांना हात लावू देत नाही.

आपला कृतज्ञ,
क्रीडाशिक्षक, सोलापूर